सव्वापाचचं ऊन

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत कॅमेरा आत न्यायला सक्त मनाई होती, आणि काका एकोणीस वर्षं रोज कॅमेरा आत नेत होते. जेवणाच्या डब्यातून. चार कप्प्यांचा स्टीलचा डबा. खालच्या तीन कप्प्यांत पोळी, भाजी, भात आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात मुलीच्या जुन्या झबल्यात गुंडाळलेला छोटा कॅमेरा. गेटवरचा वॉचमन आमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवायचा, बॅगा चाचपायचा, लहर लागली तर खिसेही उलटे करायला लावायचा. पण डबा उघडायला त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या अन्नात हात घालू नये, एवढी रीत आमच्या गेटवर अजून शिल्लक होती, आणि काकांचा सगळा कारभार त्या रीतीवर चालला होता.

तरी रोज सकाळी आठला पाच कमी असताना मी त्यांच्या मागे रांगेत उभा असायचो, नजर त्यांच्या डब्यावर. डबा त्यांचा, कॅमेरा त्यांचा, घाम मात्र मला. ते वॉचमनला सकाळी आठ वाजता "काय रे, जेवलास का?" असं विचारत आरामात आत जायचे.

काका म्हणजे माझे काका नव्हेत. आमच्या कंपनीत व्हॉल्व्हच्या पितळी बॉडी बनायच्या आणि त्या तपासायच्या खात्यात ते सगळ्यात जुने इन्स्पेक्टर होते. मी शहाडहून येणारा ट्रेनी, डिप्लोमा करून नुकताच लागलेलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माप तपासायचं गेज कसं धरायचं ते दाखवलं, मग माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "आठ दिवस नुसतं बघ. हात लावायची घाई करणारा माणूस तपासनीस होत नाही." मी आठ दिवस नुसतं बघितलं. मालापेक्षा त्यांनाच जास्त बघितलं.

दहाच्या चहाच्या सुट्टीत सगळे चहा प्यायचे. काका जेवायचे. उभ्यानं, टेबलाकडे पाठ करून, दहा मिनिटांत तीन कप्पे साफ. मी विचारलं, "काका, एवढ्या लवकर?" तर म्हणाले, "पोट दहाला भरतं, डोळे साडेबाराला." मला वाटलं, म्हातारा जरा सटकलेला आहे. मग साडेबाराच्या जेवणाच्या सुट्टीत ते रिकामा डबा घेऊन गेटबाहेर जाताना दिसले आणि राहवलं नाही म्हणून मी मागे गेलो. दोन गल्ल्या पलीकडे, एका भंगारवाल्याच्या दारात त्यांनी डबा उघडला. मी थिजलोच. त्यांनी मागे न बघता म्हटलं, "आलायस तर नीट उभा राहा. सावली पुढे पडतेय तुझी."

हा माणूस राहायचा टिटवाळ्याला. सकाळी अंधारात घर सोडायचं, संध्याकाळी अंधारात घरी पोचायचं. उरला रविवार. टिटवाळ्याला घर असणं म्हणजे काय असतं ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत. सगळ्या महाराष्ट्रातले नातेवाईक गणपतीच्या दर्शनाला येतात आणि "दर्शनाला आलेलो, म्हटलं जाऊन येऊ" म्हणत जेवणाच्या वेळेला दारात उभे राहतात. रविवार पाहुण्यांचा, संकष्टी पाहुण्यांची, मंगळवारी सुट्टी आलीच तर तोही पाहुण्यांचा. "देव माझा आहे, पण रविवार त्यानं घेतला," असं काका म्हणायचे. राहता राहिला दिवसाउजेडीचा अर्धा तास. साडेबारा ते एक.

आता फोटो काढणारी शहाणी माणसं भर दुपारी कॅमेरा बाहेर काढत नाहीत. ऊन डोक्यावर, सगळं पांढरंफटक, माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळी भोकं. काकांना हे सगळं ठाऊक होतं. पण त्यांना मिळालेलं ऊन तेवढंच होतं, म्हणून त्यांनी त्याच्याशी संसार केला. टेम्पोखाली झोपलेला ड्रायव्हर, लेथखाली पडलेल्या पितळी किसाचा ढीग, पत्र्याच्या शेडच्या दारात डबा खाणाऱ्या बायका, बाकाखालचा कुत्रा. त्यांच्या प्रत्येक फोटोत सावल्या पायाखाली गोळा झालेल्या असायच्या. मी एकदा म्हटलं, "काका, तुमच्या फोटोत सगळे स्वतःच्या सावलीवर उभे असतात." ते खूश झाले. खूश झाले की ते कान चोळायचे.

नियम एकच होता: दिवसाला एक फोटो. कॅमेरा डिजिटल, कार्ड रिकामं, हवे तेवढे काढा, कोण विचारतो? पण नाही. एकदा बटण दाबलं की झबल्यात गुंडाळून आत. मध्येच कुणी डोळे मिटले, टेम्पो आडवा आला, तरी दुसरा नाही. "आजचा गेला," म्हणायचे आणि कंपनीकडे चालू लागायचे. मला चीड यायची. "अहो, आणखी एक काढला तर कोण फाशी देणार आहे?" ते म्हणायचे, "दुसरा मिळणार हे माहीत असलं की पहिल्याकडे कुणी नीट बघत नाही."

शनिवारी ते आठवड्याचे सहा फोटो मला त्या छोट्या पडद्यावर दाखवायचे. एक एक पुढे करत, माल तपासताना लावायचे तोच आवाज लावून: "रिजेक्ट. रिजेक्ट. रिजेक्ट." कधी मला एखादा आवडायचा, मी रदबदली करायचो. ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट." मी एकदा विचारलं की एवढ्या वर्षांत पास किती? त्यांनी कॅमेरा बंद केला. मग म्हणाले, "अजून नाही." गंमत म्हणून नव्हतं ते. हजारो फोटो आणि एकही पास नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता, आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आमच्या कंपनीत तपासलेल्या मालाला टॅग बांधायचे. पास झाला तर हिरवा, नापास झाला तर लाल. टॅगवर दोन रकाने: एकात माल बनवणाऱ्या ऑपरेटरची सही, दुसऱ्यात तपासणाऱ्याची. एक दिवस ऑपरेटर लवकर घरी गेला होता, माल तर पाठवायचा होता, म्हणून मी मदत म्हणून त्याच्या रकान्यात सहीसारखा एक फराटा ओढला. काकांनी तो टॅग फाडला. नवा घेतला, स्वतःच्या रकान्यात सही केली आणि दुसरा रिकामा ठेवला.

"अहो काका, रकान्यानं काय होतंय?"

"तो त्याचा आहे. तो येईस्तोवर कोरा राहील."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर कोरा राहील. सही उसनी देता येत नाही, घेताही येत नाही. कळलं?"

माझ्यावर ते असे फार थोड्या वेळा चिडले. म्हणून लक्षात राहिलं.

आमच्या तपासणीच्या टेबलामागे नापास मालाची लाल पेटी ठेवलेली असायची, आणि तिच्यासमोर, भिंतीत उंच, पश्चिमेकडे एक झडपांची खिडकी होती. वर्षभर ती खिडकी काही कामाची नव्हती. पण मार्गशीर्ष लागला की संध्याकाळी सव्वापाचला तिच्यातून ऊन आत यायचं. तिरपं, पिवळं, झडपांच्या पट्ट्यांनी कापलेलं. ते बरोबर त्या लाल पेटीवर पडायचं आणि आतलं नापास पितळ असं काही उजळायचं की बघत राहावं. अकरा मिनिटं. काकांनी घड्याळ लावून मोजली होती. संक्रांत झाली की ऊन वर सरकायचं आणि भिंतीवर वाया जायचं.

त्या अकरा मिनिटांत काका काम करायचे नाहीत. हातातलं गेज खाली ठेवायचे, पेटीसमोर दोन पावलं डावीकडे जायचे, गुडघ्यात थोडे वाकायचे, एक डोळा बारीक करायचे. "बघ," मला म्हणायचे. "इथून बघ. झडपेच्या तिसऱ्या पट्टीची सावली पेटीच्या कोपऱ्याला लागली ना, की तो क्षण. त्याच्या आधी नाही, नंतर नाही."

मी म्हटलं, "मग काढा ना एक. डबा आहे हाताशी."

"आत नाही."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय की." ते सरळ उभे राहिले. "डबा आत आणतो ही लबाडी आहे, कबूल. बाहेरचा अर्धा तास माझा, त्यासाठी करतो. पण सव्वापाच कंपनीचे आहेत. आत उघडला तर ती बेइमानी. माणसानं एक ओळ आखून ठेवावी रे, नाहीतर कुठे थांबायचं ते कळत नाही."

एकोणीस वर्षं तो माणूस दर थंडीत एका फोटोसमोर उभा राहत होता आणि तो काढत नव्हता. तेव्हा मला हा निव्वळ हट्ट वाटला. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

त्या थंडीत एक मोठा लॉट नापास झाला. भोकाचं माप केसभर मोठं होतं. मॅनेजर साहेब स्वतः खाली आले. मला अजून तो सीन दिसतो: साहेब टेबलावर दोन्ही हात टेकून, काका खुर्चीवर बसूनच.

"काका, कस्टमर रोज फोन करतोय. इतकं चालून जाईल. ग्रीन टॅग लावा आणि सही करा."

"चालून जाईल तर तुम्ही करा सही."

"रिटायरमेंटला किती राहिलं तुमच्या? चौदा महिने ना? उगाच कशाला टेन्शन घेता? आरामात जा ना घरी."

काकांनी खण उघडला. लाल टॅग काढला, सही केली आणि पेटीला बांधला. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं. मी गेज पुसायला घेतलं. माझं कायम होण्याचं पत्र पुढच्या महिन्यात यायचं होतं, आणि घरात कमावणारा मी एकटा.

कस्टमरला कंपनीनं कळवलं की पितळच आलेलं नाही, म्हणून उशीर होतोय. माल तयार होऊन, नापास होऊन लाल पेटीत पडला होता हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी, पाच वाजून दहा मिनिटांनी, साहेबांनी काकांना वर बोलावलं. काका उठले, खिडकीकडे एकदा बघितलं आणि गेले. ऊन आलं. पेटी त्या दिवशी काठोकाठ भरलेली होती आणि असं ऊन मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. वर लाल टॅग लोंबत होता, त्यालाही उन्हाची कड लागली होती. मी फोन काढला. नखानं स्टिकरचं टोक उचललं. दोन पावलं डावीकडे गेलो, गुडघ्यात वाकलो, तिसरी पट्टी कोपऱ्याला लागेपर्यंत थांबलो आणि एक फोटो काढला. एकच. मग स्टिकर परत दाबून बसवला. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

आणि एवढ्यावर थांबायची अक्कल मला नव्हती. घरी येऊन मी तो फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. कंपनीतले सगळे नंबर वगळून. मला फक्त कुणीतरी तो बघावा असं वाटत होतं, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजमधल्या एका मित्राचा मेसेज: "अरे ही बॉडी तर आमची आहे ना? टॅगवर नंबर वाचला. आम्हाला तर सांगितलं पितळ आलं नाही!" तो त्याच कस्टमरकडे स्टोअरमध्ये कामाला होता, आणि माझ्या डोक्यातून ते पार गेलेलं. मी त्याला फोन करेपर्यंत त्यानं तो त्याच्या साहेबाला दाखवलाही होता. "तुझं नाव कापून दाखवलंय भाई," म्हणाला. "टेन्शन मत ले."

मी स्टेटस काढलं, फोनमधला फोटो पुसला, पुसलेल्यांतूनही पुसला. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. कुणाला सांगणार होतो? काकांना सांगावं असं मनात आलं आणि सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटली.

तीन दिवस काही झालं नाही. ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. काका नेहमीसारखे दहाला जेवत होते, साडेबाराला बाहेर जात होते. मी पोट बिघडलंय सांगून त्यांच्याबरोबर जायचं टाळलं. चौथ्या दिवशी सकाळी गेटवर रांग पुढे सरकेना. वॉचमनच्या शेजारी ऑफिसचा माणूस उभा होता. बॅगा, खिसे, फोन. आणि डबे.

"डबे पण उघडा. सगळे."

माझ्या पुढे काका होते. त्यांच्या हातातला डबा स्थिर होता, कडी धरलेली बोटं मात्र पांढरी पडली होती. मला वाटलं त्यांनी मागे फिरावं, टिटवाळ्याची गाडी पकडावी, आजारी पडावं, काहीही करावं. ते पुढे गेले. डबा टेबलावर ठेवला आणि स्वतःच कडी काढली. वॉचमननं झबलं उलगडताना तोंड दुसरीकडे फिरवलं. तो कॅमेरा एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कंपनीच्या आवारात उघडा पडला.

आम्हा दोघांनाही वर बोलावलं. एका टेबलावर काम करणारे म्हणून मलाही. साहेबांसमोर कॅमेरा होता, खाली ते झबलं, पिवळं पडलेलं, त्यावर बदकं. आणि शेजारी फोटोची रंगीत प्रिंट.

"हा फोटो आपल्या इथून बाहेर गेलाय," साहेब म्हणाले. "कस्टमर तुटायच्या बेतात आहे. बोला काका. हे तुमचं काम आहे?"

काकांनी खिशातून चष्मा काढला. प्रिंट उचलली, खिडकीकडे धरली आणि बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांची नजर टॅगवरून पितळावर, पितळावरून पेटीच्या कोपऱ्यावर आणि तिथून तिसऱ्या पट्टीवर गेली. तिथे थांबली. मला कळलं की त्यांना कळलं. त्या जागेवरून, त्या क्षणी बघायला त्यांनी जगात एकाच माणसाला शिकवलं होतं.

मग ते अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "पास."

"काय?" साहेब म्हणाले.

"काही नाही. माझा आहे."

"कॅमेऱ्यातलं कार्ड बघावं लागेल."

"कार्ड कशाला बघायचं? मी सांगतोय ना. फोटो माझा आहे."

कार्डात सगळ्या भरदुपारच्या सावल्या होत्या. बघितलं असतं तर फोटोच्या आरोपातून एका मिनिटात काका सुटले असते, आणि पुढचा नंबर माझा लागला असता. पण साहेबांना लाल टॅगच्या दिवसापासून जे हवं होतं ते आयतं मिळालं होतं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. राजीनामा आज, आत्ता. नाहीतर पोलिसांत तक्रार.

"साहेब, तो मी काढला." एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. टेबलाच्या कडेचा सनमायका एका जागी उचकटला होता, मी त्याच्याकडे बघत राहिलो. काका लिहीत होते, पेनाचा आवाज येत होता, आणि मी बघत राहिलो. त्यांनी सही केली तेव्हाही.

कागद दिल्यावर त्यांनी विचारलं, "ही प्रिंट मी नेऊ?"

साहेब चक्रावले. "पुरावा आहे तो."

"मग झेरॉक्स द्या."

साहेबांनी माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. पण कॅमेरा परत केला आणि झेरॉक्स दिली. काळीपांढरी, थोडी तिरकी. काकांनी ती घडी न घालता, दोन्ही हातांत धरून खाली आणली.

गेटबाहेर मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं. "काका, मी उद्या सांगतो साहेबांना. आत्ता सांगतो. तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी?" ते एकदम वळले. इतके संतापलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "नोकरीचं राहू दे. नोकरी चौदा महिन्यांनी जाणारच होती. एकोणीस वर्षं बघतोय मी ते ऊन. एकोणीस! ओळ आखून बसलो होतो. आणि तू मी वर गेल्यावर पाच मिनिटांत काढलास?"

त्यांनी हातातली झेरॉक्स पुन्हा एकदा बघितली.

"आणि वर चांगला काढलास," ते म्हणाले. आवाज फुटला. "आता तो माझा आहे. मी किंमत दिलीय त्याची. परत मागायला येऊ नकोस. आणि वर जाऊन काही सांगितलंस तर तोही घालवशील माझा. जा कामाला."

मी कामाला गेलो. लाज वाटते, पण गेलो. निरोप समारंभ नाही, शाल नाही, नारळ नाही. एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस आपला डबा आणि एक झेरॉक्स घेऊन चालत गेला. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. आईनं पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही.

आठ महिने मी टिटवाळ्याकडे फिरकलो नाही. शहाडहून दोन स्टेशनं, पण जाववेना. शेवटी एका संकष्टीला आईबरोबर दर्शनाला गेलो, तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं आणि पत्ता विचारत त्यांच्या दारात उभा राहिलो. दार काकूंनी उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "दर्शनाला आलेलो, म्हटलं जाऊन येऊ."

"या या," काकू म्हणाल्या. "आत्ताच येतील. दुपारचे बाहेर असतात. दिवसभर घरी आहेत, पण दहाला जेवतात आणि साडेबाराला डबा घेऊन निघतात. कॅमेरा डब्यात कशाला हो आता, म्हटलं तर म्हणतात, त्याला सवय झालीय."

भिंतीवर तो होता. काळापांढरा, थोडा तिरका, काच लावून फ्रेम केलेला. रंग गेला होता तरी ऊन होतं. मी फोनमधला पुसला होता, म्हणजे माझ्या लेखी जगात तो आता तेवढाच उरला होता.

एकला पाच कमी असताना काका आले. मला बघून दारात थांबले, डबा खाली ठेवला, बसले. काकूंनी चहा आणला आणि माझं लक्ष भिंतीकडे आहे हे बघून म्हणाल्या, "येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. हा एकच पास झाला म्हणे. तुम्ही होतात ना तेव्हा तिथे?"

"होतो."

"मला एक कळत नाही." त्या फ्रेमजवळ गेल्या. "इतकी वर्षं यांचे फोटो बघतेय मी. सावली पायाखाली असते. यात आडवी कशी?"

काकांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गेटवर डबे उघडत होते तेव्हाही जी भीती मला त्यांच्या तोंडावर दिसली नव्हती, ती आता दिसत होती.

"सव्वापाचचं ऊन आहे ते, काकू," मी म्हणालो. "तिरपं येतं. मला काकांनीच दाखवलेलं. फोटो काकांचाच आहे."

काकूंना पटलं असावं. त्या आत गेल्या. काकांनी चहाचा घोट घेतला आणि कान चोळला.

मी उठून फ्रेमजवळ गेलो. खालच्या कोपऱ्यात तारेनं काहीतरी बांधलेलं होतं. हिरवा टॅग. आमच्याच कंपनीचा, कधीतरी खिशात राहून गेलेला असेल. मी तो उजेडाकडे वळवला. तपासणाऱ्याच्या रकान्यात काकांची सही होती, नेहमीची, ठसठशीत. बनवणाऱ्याचा रकाना कोरा होता.

मला तिथे उभं राहवेना. मॅनेजरसमोर, बायकोसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर त्यांनी तोंडानं बेधडक सांगितलं होतं, माझा आहे. टॅगवर मात्र त्यांना लिहिता आलं नव्हतं. मी मागे वळलो तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या कपाशेजारी ठेवलं होतं.

मी चहा संपवला. पेनाला हात लावला नाही. ज्या दिवशी तोंड उघडायचं होतं त्या दिवशी मी सनमायका बघत बसलो, आता कुठल्या तोंडानं सही करू?

त्यानंतर मी चार वेळा जाऊन आलो. आम्ही फार बोलत नाही. साडेबाराला बाहेर पडतो, ते एक फोटो काढतात, मला दाखवतात, रिजेक्ट म्हणतात, परत येतो. काकू चहा आणतात. दर वेळी कपाशेजारी पेन असतं. मी चहा पितो आणि निघताना पेन त्यांना परत देतो. ते खिशाला लावतात, आणि जिन्यापर्यंत सोडायला येतात.